घरचा की पाहुणा

परब बाई माणसाच्या चेहऱ्याकडे सगळ्यात शेवटी बघायच्या. आधी हात, मग चपलेतले पाय आणि मग वर. मी नोकरीसाठी त्यांना पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी माझं एमएस्सीचं प्रमाणपत्र हातात घेतलं, पण नजर होती माझ्या बोटांवर.

"फार वाचतेस वाटतं," त्या म्हणाल्या.

मी गोंधळून हो म्हटलं.

"डाव्या अंगठ्याचं नख कडेने कुरतडलंय. उजव्या हाताने पान उलटायचं असतं, म्हणून बिचारा डावा सापडतो."

हे निदान खरं होतं की जागच्या जागी रचलेलं, ते मला कधीच कळलं नाही. त्या दिवसापासून मात्र मी लॅबमध्ये 'वाचनालय' झाले. "ए वाचनालय, इकडे ये, हे बघ," ही हाक मी पुढे इतकी वर्षं ऐकली की कधी त्यांनी मला माझ्या नावाने बोलावलं तर काहीतरी चुकलंय असं वाटायचं.

बाई जाऊन महिना होत आला. त्यांच्यावर लिहायला बसले की हात थांबतो, कारण त्यांचं काम काय होतं हेच आधी सांगावं लागतं आणि ते सांगताना ऐकणारा हळूच स्वतःच्या नखांकडे बघायला लागतो.

मुलुंड पश्चिमेला, खाली साड्यांचं दुकान असलेल्या इमारतीत पहिल्या मजल्यावर आमची पॅथॉलॉजी लॅब. पुढच्या खोलीत रक्त-लघवीची गर्दी. मागच्या खोलीत, खिडकीशी, बुरशीचं टेबल. तिथे डॉ. शालिनी परब बसायच्या. त्वचेचे डॉक्टर त्यांच्याकडे पेशंट पाठवायचे: नख पिवळं झालंय, जाड झालंय, भुगा पडतोय, हिरवं झालंय, काळं झालंय. बाई ते नख स्पिरिटने पुसत, वरचा मळका भाग टाकून देत आणि मुळाच्या दिशेने आतला कीस ब्लेडने खरवडून काळ्या कागदाच्या पुडीत घेत. देवळातून आणलेल्या अंगाऱ्याची पुडी असते तशी ती दिसायची. थोडा कीस मायक्रोस्कोपखाली जाई, बाकीचा ट्यूबमध्ये. ट्यूबमध्ये लावण्याला त्या 'पेरणी' म्हणत. मग रोज सकाळी आल्या आल्या, पर्सही न ठेवता, ट्यूबा उजेडात धरून विचारत, "काय रे, उगवलास काय?"

नखाच्या तपासणीत एक गोम आहे. हवेतली, मातीतली, भिंतीवरची बुरशी नखावर येऊन नुसती बसलेली असते. रोग तिचा नसतो. पण पेरलं की तीही उगवते, आणि खऱ्या रोगाच्या बुरशीपेक्षा जास्त जोरात. अशा वाढीला लॅबमध्ये 'कंटॅमिनंट' म्हणतात आणि ट्यूब टाकून देतात. बाई तो शब्द तोंडात येऊ देत नसत. त्यांचा शब्द होता 'पाहुणा'.

"एकदा आला तर पाहुणा," त्या सांगत. "दुसऱ्यांदा आला तर ओळखीचा. आणि तीनदा वेगवेगळ्या दिवशी नख घेऊनही तोच उगवला, तर त्याचं रेशनकार्ड इथलंच आहे."

म्हणून त्या प्रत्येक नख दोन ट्यूबांत पेरत. एका ट्यूबमध्ये पाहुण्यांना रोखणारं औषध मिसळलेलं असे, दुसऱ्यात नसे. पहिलीला त्या 'वॉचमनवाली' म्हणत. बहुतेक लॅबमध्ये वॉचमनवालीवरच भागवतात, कारण नेहमीच्या रोगाची बुरशी तिच्यात आरामात वाढते आणि डोक्याला ताप नसतो. बाईंना ते पटत नसे. "काही घरचेच असे असतात, की वॉचमन त्यांनाही खाली अडवतो," त्या म्हणत. "मग ते काय बेघर झाले?"

हे तीनदा बोलावणं पेशंटना आवडायचं नाही. जोगेश्वरीहून एक निवृत्त मास्तर यायचे, पायाच्या अंगठ्याचं नख पांढरं पडलेलं. पहिल्यांदा एक विचित्र बुरशी आली, दुसऱ्यांदा काहीच नाही, तिसऱ्यांदाही काही नाही. तिसऱ्या रिपोर्टच्या दिवशी बाई स्वतः बाहेर त्यांच्या खुर्चीपाशी गेल्या.

"सर, पाहुणाच होता. माझा अंदाज चुकला. तुम्हाला उगाच फेऱ्या पडल्या."

मास्तरांनी छत्री गुडघ्यावर आडवी ठेवली. "पाहुणा म्हणता, आणि घरात कुणी चहा विचारत नाही."

बाईंनी त्यांना आत नेऊन आपल्या थर्मासमधला कोरा चहा पाजला. मास्तरांनी तो अर्धा पिऊन शांतपणे सांगितलं, की तिन्ही फेऱ्यांत मिळून झालेला हा सगळ्यात मोठा त्रास.

दुसरे एक गृहस्थ दहिसरहून आले ते घामाघूम होऊन. उजव्या हाताची दोन नखं काळी-तपकिरी. इंटरनेटवर वाचून त्यांनी स्वतःला काय काय रोग ठरवले होते. बाईंनी नख पाहिलं, मग ब्लेडची पाठ हलकेच फिरवली. काळं निघालं, खाली नख गुलाबी. मग त्यांनी पहिल्यांदाच वर, त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. गृहस्थांची मिशी एकदम काळीभोर.

"कलप स्वतः लावता?"

"हो. का?"

"हातमोजे घालत जा. नखाला काही झालेलं नाही. जे आहे ते मिशीला आहे."

बाई रागवायच्याही. नेलपॉलिश लावून आलेल्या मुलींना आणि महिनाभर आपल्या मनाने मलम चोळून आलेल्यांना त्या सरळ परत पाठवत. त्यांचा हट्ट लॅबला परवडणारा नव्हता, हेही खरं. बाकीची टेबलं यंत्रावर चालायला लागली होती आणि इथे एक बाई एका नखासाठी तीन आठवडे घालवत होती. आमच्याकडे नव्याने आलेला डॉ. अद्वैत, हुशार आणि बोलका, त्यांना म्हणायचाही, "मॅडम, एवढ्यात तर माणसाचं लग्न ठरतं."

"म्हणून तर इतकी मोडतात," बाई मायक्रोस्कोपवरची नजर न काढता म्हणायच्या.

कमल आमच्याकडे आली ती श्रावणात. मुलुंडच्या भाजी मार्केटच्या तोंडाशी फुलं विकायला बसणारी, सोलापूरकडची, चाळिशीची बाई. उजव्या अंगठ्याचं नख एका कडेने काळं पडायला लागलं होतं आणि ते काळं मध्यापर्यंत सरकलं होतं. दुसऱ्या कुठल्याशा लॅबमधला रिपोर्ट तिच्याकडे होता: बुरशी नाही. मग तिला सर्जनकडे पाठवलं गेलं. नखाखाली काळा कॅन्सर असू शकतो, तो लवकर नाही काढला तर अंगठ्यावर थांबत नाही, म्हणून नख काढून मुळाचा तुकडा तपासायचा असं सर्जननी ठरवलं. त्यांचं काही चुकत नव्हतं. फक्त मुळाचा तुकडा घेतला, की पुढे नख सरळ उगवेलच याची खात्री कुणी देत नाही.

कमलला कॅन्सर हा शब्द कळला होता, पण ती बोलत होती ती नखाबद्दल.

"देठ नखानं खुडायचा असतो ओ बाई. कात्रीनं खुडलं की मोगरा काळा पडतो. गाठ पण नखानंच दाबायची. नख गेलं तर मी बसू कशाला तिथं?"

बाईंनी तिचा हात खिडकीपाशी नेला. नख उजेडात तिरकं करून पाहिलं. मग विचारलं, "हात दिवसभर ओले?"

"फुलावर पाणी मारायचं, तर हात कोरडे कसे ठेवायचे?"

"आणि पहिल्या लॅबमध्ये पेरलं कशात होतं, हे रिपोर्टावर नाही." हे त्या मला म्हणाल्या, तिला नाही.

मायक्रोस्कोपखाली नखाच्या किसात बारीक तपकिरी धागे होते. वॉचमनवाली ट्यूब शेवटपर्यंत स्वच्छ राहिली. दुसरीत थोड्याच दिवसांत राखाडी कापूस उगवला, काळा पडला आणि थेट झाकणाला टेकला.

अद्वैतने ट्यूब हातात घेऊन फिरवली. "मॅडम, हा सरळ सरळ बाहेरचा आहे. झाडांवर, मातीवर असतो. ती दिवसभर फुलांत हात घालून बसते."

"म्हणजे त्याला घरात शिरायला दिवसभर दार उघडं आहे."

"किंवा नुसता दारात उभा आहे."

"असेल," बाई म्हणाल्या. "तुझंही बरोबर असेल. म्हणून तर तिला परत बोलवायचं."

मग त्यांनी सर्जनना फोन लावला. हातात ट्यूब होती म्हणून स्पीकर चालू होता आणि पलीकडचं मला सगळं ऐकू येत होतं.

"बाई, समजा बुरशी आहे. तिच्याखाली दुसरंही काही असू शकतं ना?"

"असू शकतं."

"आणि थांबण्यात ते वाढलं तर?"

बाईंनी हातातली ट्यूब उजेडात फिरवली. "तर ते माझ्यावर. पण आत्ता तुम्ही नख काढलंत आणि नुसती बुरशीच निघाली, तर तिचं नख परत कोण लावणार?"

पलीकडे सर्जननी श्वास सोडला. "तिसऱ्या ट्यूबपर्यंत थांबतो. त्यानंतर नाही."

त्या दिवसांत बाई जेवणाचा डबा अर्धा परत नेत. एकदा मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं? त्या म्हणाल्या, "माका वाटून काय उपयोग गो? ट्यूबेक काय वाटता ता बघूया." घाबरल्या की बाई मालवणीत शिरत. हे लॅबमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी बोलून दाखवत नसे.

दुसऱ्या पेरणीला तेच उगवलं. तिसऱ्या वेळी कमल आलीच नाही. गणपती तोंडावर आले होते, फुलांचा धंदा वर्षात असा एकदाच. फोन केला तर म्हणाली, "बाई, आता मला मरायला पण टाईम नाही." बाईंनी फोन ठेवला, पर्समध्ये स्पिरिटची बाटली, कापूस, ब्लेड आणि काळे कागद टाकले आणि मला म्हणाल्या, "वाचनालय, चल, बाजारात जाऊ."

भाजी मार्केटच्या तोंडाशी पाय ठेवायला जागा नव्हती. झेंडू आणि शेवंतीच्या ढिगांच्या मधोमध कमल दोरा ओढत बसली होती. बाईंनी एक रिकामा क्रेट उपडा केला, साडीचा घोळ आवरून त्यावर बसल्या आणि तिचा अंगठा मागितला. ती एका हाताने सुटी फुलं तोलत राहिली, दुसरा हात बाईंच्या मांडीवर. मी कागद धरून उभी.

एक गृहस्थ वाकून बाईंनाच विचारायला लागले, "मावशी, शेवंतीचा मोठा हार आहे का?"

"जरा थांबा," बाई मान वर न करता म्हणाल्या, "अंगठा कामात आहे."

"मॅनिक्युअर करताय का?" त्या गृहस्थांच्या बायकोने विचारलं.

कमल हसत सुटली. "आवो, डॉक्टरीणबाई हायत त्या. माझ्या नखात कोन ऱ्हातंय, भाडं देतंय का न्हाई, ते बघाया आल्यात."

बाईंनी पुडी बांधली. कमलने त्यांच्या ओंजळीत मूठभर मोगऱ्याच्या कळ्या टाकल्या. त्या त्यांनी परत ढिगात ठेवल्या. "आत्ता नको. निकाल लागू दे."

तिसरी ट्यूब उगवली त्या सकाळी मी बाईंच्या आधी पोचले होते, पण हात लावला नाही. त्या आल्या, पर्स खांद्यावर तशीच, ट्यूब उजेडात धरली. वॉचमनवाली स्वच्छ. दुसरी काळी, झाकणापर्यंत. अद्वैतही मागे येऊन उभा राहिला.

"रेशनकार्ड निघालं," बाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. त्यांनी आनंद केला नाही, कारण अर्धाच प्रश्न सुटला होता. खाली दुसरं काही नाही हे ट्यूब सांगू शकत नव्हती. ते फक्त नवं नख सांगणार होतं. सर्जनही फोनवर तेच म्हणाले: औषध सुरू करा, पण मुळाशी काळं उगवताना दिसलं तर मी तुकडा घेणार.

त्या बुरशीवर पोटात घ्यायच्या गोळ्या फारशा चालत नाहीत. त्वचेच्या डॉक्टरांनी मलमाने नख मऊ करून खरवडायला सांगितलं आणि वर थेंब टाकायला दिले. दर काही आठवड्यांनी कमल आमच्याकडे अंगठा दाखवून जायची. पण बाईंना तेवढंही पुरत नव्हतं. त्यांचं घर नाहूरला, मार्केट उलट्या दिशेला, तरी त्या संध्याकाळी मार्केटवरून वळसा घालून जायला लागल्या. थांबत नसत. रस्त्याच्या या बाजूने हळू चालत, आणि पलीकडून कमल अंगठा वर करी. लांबून नख काय दिसणार होतं? पण बाई मान हलवून पुढे जात.

"ही बाई रोज मला भर रस्त्यात अंगठा दाखवते," त्या लॅबमध्ये तक्रार करत. "लोकांना वाटत असेल, हिने मला फसवलेलं दिसतंय."

मुळाशी आधी एक फिकट कोर दिसली. मग ती रुंदावली. हाताच्या अंगठ्याचं नख पूर्ण बदलायला जवळजवळ अर्धं वर्ष जातं आणि ते अर्धं वर्ष बाईंनी त्या कोरीकडे बघत काढलं. होळीच्या सुमाराला काळ्याचा शेवटचा कपचा टोकाशी आला आणि कमलने तो स्वतःच कापून, पुडीत बांधून बाईंना आणून दिला. सोबत गजरा होता. बाई कधी फुलं माळत नसत. त्या दिवशी त्यांनी तो गजराही माळला आणि वरून लॅबचा पांढरा कोटही घातला. सर्जननी अंगठा पाहिला आणि तुकडा काढायची तारीख दिली नाही.

त्याच दुपारी, डबा खाताना, त्यांनी मला त्यांच्या वडिलांची गोष्ट सांगितली. आपल्याबद्दल त्या इतकं बोलल्या ते तेवढंच.

वडील गिरणीत रंगखात्यात होते. त्यांची नखं कायम निळी. बाईंना लहानपणी वाटायचं की बापमाणसांची नखं निळीच असतात. मग गिरणी बंद पडली. वडील रोज सकाळी आंघोळ करून, शर्ट घालून, गेटवर जाऊन येत. उघडेल म्हणत. महिने गेले. एक दिवस वडील जेवायला बसले असताना आईने वाढता वाढता त्यांच्या हाताकडे पाहिलं आणि भांडं तसंच खाली ठेवून मोरीत जाऊन रडली.

"मला कळेना काय झालं," बाई म्हणाल्या. "मग मीही बाबांच्या नखांकडे पाहिलं. निळं सगळं वाढून, कापून निघून गेलं होतं. नखं अगदी स्वच्छ होती."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "तेव्हापासून मला स्वच्छ नखाचा भरवसा नव्हता गो. आज पहिल्यांदा बरं वाटलं."

त्यानंतर एक-दीड वर्षाने बाई आजारी पडल्या. आजार पोटातला होता आणि तो काय आहे हे समजायला त्यांना तीन ट्यूबांची गरज पडली नाही. औषधांच्या फेऱ्या सुरू झाल्या. मी भेटायला गेले की पुस्तकं नेत असे. त्या ती उशाशी ठेवत आणि माझा हात हातात घेऊन म्हणत, "डावा अंगठा सुधारलाय हां."

एकदा त्यांनी आपले हात माझ्यापुढे पालथे धरले. सगळ्या नखांवर आडव्या खोलगट रेघा होत्या, एकाखाली एक, समान अंतरावर. "बघ. औषधाचा प्रत्येक डोस इथे सही करून गेलाय. तेवढे दिवस नख वाढायचं थांबतं." बोटाने त्यांनी मुळाकडची जागा दाखवली. "ही खालची कोरी जागा जितकी वाढेल, तितके दिवस मला बरं आहे म्हणायचं." हे त्या ट्यूब उजेडात धरून बोलत त्याच आवाजात बोलल्या.

त्यातून थोड्या बऱ्या झाल्यावर त्यांना एकदा मार्केटला जायचं होतं. मी रिक्षाने घेऊन गेले. कमल धावत आली, आणि नेहमीसारखा अंगठा न दाखवता तिने बाईंचाच अंगठा हातात घेतला. ओलं बोट त्या रेघांवरून फिरवलं.

"हे कधी जायचं?"

"नख वाढलं की."

"मग एकदा बघून चालणार न्हाई," कमल म्हणाली. "तुमीच सांगता ना, तीनदा दाखवायचं असतं. आज एक झालं."

बाई हसल्या. "तुला कुणी लॅबमध्ये घेतलं का गो?"

दुसऱ्यांदा आम्ही गेलो ते बऱ्याच दिवसांनी, हॉस्पिटलमधून परत येताना. बाईंना उतरवत नव्हतं. मी रिक्षावाल्याला मार्केटच्या तोंडाशी जरा हळू घ्यायला सांगितलं. पलीकडे गिऱ्हाइकांचा गराडा होता. कमलने आम्हाला पाहिलं, उठायला गेली, पण मांडीवर अर्धा हार होता. बाईंनी रिक्षाच्या बाहेर हात काढला आणि अंगठा वर केला.

मागून येणारा स्कूटरवाला ब्रेक मारून थांबला. "काय पाहिजे, आजी? लिफ्ट?"

"नको रे बाबा, तू जा," बाई म्हणाल्या. हात आत घेतला नाही.

गराड्यातून कमलचा अंगठा वर आला. दोरा अजून त्यालाच गुंडाळलेला होता. "दोन झाले!" ती ओरडली. "आजून एक ऱ्हायलंय, बाई!"

रिक्षा सिग्नलकडे वळली. वळणापर्यंत बाईंचा अंगठा बाहेरच होता, उन्हात, रेघांसकट. मी तेव्हा चेहऱ्याकडे पाहिलं नाही. त्यांच्यासारखीच, आधी नखाकडे पाहिलं. मुळाशी कोरी जागा अगदी थोडी होती.